त्रासाचा रकाना

सदतीस वर्षं मी प्राथमिक शाळेत शिकवलं आणि त्या सदतीस वर्षांत माझ्या एकाही रजिस्टरवर साहेबांचा लाल शेरा आला नाही. याचा मला लय अभिमान होता. होता म्हणते, कारण आता त्या रजिस्टरांची आठवण जरी आली तरी तोंड कडू होतं.

शाळेत काम केलेल्यांना हे सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. तपासणी लागली की आम्ही वह्या भरायचो. पोरांच्या नोंदी खरं तर रोज लिहायच्या असतात. पण रोज कोण लिहिणार? वर्गात पन्नास पोरं, त्यात खिचडी शिजवून घ्या, वजनं घ्या, घरोघर जाऊन माणसं मोजा. मग साहेब यायच्या आदल्या रविवारी मांडी घालून बसायचं आणि सगळा महिना एका बैठकीत भरून टाकायचा. त्यासाठी माझ्याकडे तीन पेनं होती. एक काळं, एक निळं आणि एक निळंच, पण जरा फिकट. आलटूनपालटून लिहिलं की वाटायचं, बाई रोज लिहितात. साहेब पानं उलटायचे, मान डोलवायचे, चहा घ्यायचे आणि जायचे. कुणाचं काही बिघडायचं नाही. निदान मला तसं वाटायचं.

निवृत्त झाल्यावरही ती तीन पेनं माझ्या पर्समध्येच राहिली. सवय, दुसरं काय.

माझा धाकटा भाऊ माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान. आमचं माहेर कोरेगाव तालुक्यातलं. वडील फौजेत, आई दिवसभर रानात, त्यामुळे तो माझ्याच कडेवर वाढला. भरतीला जायच्या आधी झोकदार सही पाहिजे म्हणून माझ्यापुढे बसला, तेव्हा ती सहीसुद्धा मीच त्याला बसवून दिली. अक्षरं रेघेवर टेकली पाहिजेत, शेवटच्या अक्षराची शेपटी वर गेली पाहिजे आणि खाली दोन ठिपके. दोन पानं भरून गिरवली त्यानं. पुढे फौजेत ड्रायव्हर झाला, बर्फातल्या रस्त्यांवर मोठाल्या गाड्या चालवल्या आणि हवालदार म्हणून पेन्शनीत आला. गावात सगळ्यांना दम द्यायचा. पण मी 'बस' म्हटलं की बसायचा आणि 'गप' म्हटलं की गप. त्याची बायको थट्टेनं म्हणायची, "आमच्या घरात सरकार आष्ट्याचं हाय." आष्टा माझं सासर.

त्याच्या डोक्यात गाठ निघाली तेव्हा पुण्याला ऑपरेशन झालं, मग सहा आठवडे रेडिएशन. आमच्याकडे त्याला सगळे शेकच म्हणतात. वर्ष-दीड वर्ष बरं गेलं. मग गाठ परत आली, त्याच जागी. पुण्याच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं की आता ऑपरेशन होण्यासारखं नाही, आणि पहिल्यासारखा शेक परत दिला तर गाठीबरोबर चांगला मेंदूही जळेल. मग तेच म्हणाले, सांगलीला एका हॉस्पिटलात अशाच पेशंटसाठी जरा सौम्य पद्धत तपासून बघतायत, तिथं विचारा.

म्हणून तो माझ्याकडे राहायला आला. आष्ट्याहून सांगली जवळ. माझे यजमान जाऊन चार वर्षं झाली होती, मुलगा बंगळुरात, घर रिकामंच होतं. भावजयीला हलता येईना, गोठ्यात दोन म्हशी आणि पोरीची बारावी. त्याला सोडायला आली तेव्हा दारातच डोळे पुसत म्हणाली, "वन्सं, तुमच्या हाती सोपवते बगा." मी तिला म्हटलं, "तू निर्धास्त रहा." निर्धास्त! काय तोंडानं म्हणाले मी!

सांगलीच्या डॉक्टर बाईच होत्या. माझ्या एखाद्या विद्यार्थिनीच्या वयाच्या, पण बोलणं कसं, एकेक वाक्य तोलून. आम्हा दोघांना समोर बसवून त्यांनी सगळं समजावलं. रोजचा शेक एका दमात द्यायचा नाही. त्याचे दहा बारीक तुकडे करायचे. एक तुकडा दिला की तीन मिनिटं थांबायचं, मग दुसरा. मधल्या वेळात चांगल्या पेशी सावरतात. आणि मार इतका बारीक असतो की गाठीच्या पेशींना तो लागलेला कळतच नाही, त्यामुळे त्या स्वतःची डागडुजी करायला उठत नाहीत. "निदान आम्हाला तसं वाटतं," त्या म्हणाल्या. "तसं खरंच होतं का, आणि माणसाला त्रास कमी होतो का, हेच आम्ही तपासतोय. बरं होण्याची खात्री मी देत नाही. परीक्षा या पद्धतीची आहे, तुमच्या भावाची नाही."

भाऊ म्हणाला, "म्हंजी मॅडम, आदी बर्स्ट फायर केला, आता एक एक राऊंड सोडनार." डॉक्टर हसल्या. मी पण हसले.

पण आयुष्य शाळेत घालवलेल्या बाईच्या कानात 'परीक्षा' एवढाच शब्द शिरतो. परीक्षा होती त्या मशीनची आणि मी पास करायला बघत होते भावाला.

त्यांनी एक छापील वही दिली. रोजची एक ओळ. तारीख, डोकेदुखी, उलटी, झोप, विसर, झटका, आणि प्रत्येकापुढे लिहायचं: नाही, थोडा, मध्यम, जास्त. शेवटी रुग्णाची सही आणि नातेवाइकाची सही. "रोज लिहा, खरं लिहा," डॉक्टर म्हणाल्या. "हीच वही बघून मी औषध ठरवणार आहे." मग संमतीचा कागद आला. चार पानांचा, मराठीत. मी चष्मा लावून शब्द न शब्द वाचला. तिसऱ्या पानावर एक ओळ होती की त्रास फार वाढला तर डॉक्टर उपचार थांबवू शकतात. बाकीची सगळी पानं मी विसरले. ती एक ओळ घेऊन घरी आले.

वडापच्या जीपमध्ये बसल्या बसल्याच मी त्याला बजावलं, "हे बघ, दुखलं-खुपलं तर मला सांगायचं. तिथं सांगत बसायचं न्हाई. न्हाईतर काढून टाकतील."

"बरं आक्का," तो म्हणाला.

मशीनवर झोपवताना त्याच्या तोंडावर जाळीचा मुखवटा बसवायचे आणि तो टेबलाला अडकवायचे, डोकं हलू नये म्हणून. तोंड उघडता येत नाही, म्हणून हातात एक बटण द्यायचे. काही वाटलं तर दाबायचं, की मशीन थांबतं आणि माणसं आत येतात. पहिल्याच दिवशी हे ऐकून मी त्याला बाजूला घेतलं. "ते बटण उगाच दाबू नकोस हं. दाबलं की लिहून घेतात ते."

"बरं आक्का."

पुण्यात दहा मिनिटांत मोकळा व्हायचा. इथं पाऊण तास लागायचा. मी बाहेर बाकावर बसून राहायची. एकदा विचारलं, "मधल्या वेळात करतोस तरी काय तिथं पडून?" तर म्हणाला, "गाडी चालवतो की. कोरेगावातनं निघतो. पयल्या थांब्याला रहिमतपूर, दुसऱ्याला मसूर, मंग कराड, कासेगाव, पेठ नाका... शेवटचा तुकडा दिला की सांगली." आणि हातानं गिअर टाकून दाखवला. मला इतकं भरून आलं की मी त्याला रागावले, "गप पड आता, लोक बघत्यात."

पहिला आठवडा बरा गेला. वहीत मी रोज संध्याकाळी 'नाही, नाही' लिहायची आणि ते खरंही होतं. दुसऱ्या आठवड्यात सोमवारी सकाळी तो चहा घेता घेता थांबला. म्हणाला, "आक्का, डोस्कं लय ठणकतंय गं." मी बाम चोळला. दोन दिवसांनी न्याहारी उलटून पडली. मी पोह्यांना दोष दिला. संध्याकाळी वही उघडली, फिकट निळं पेन घेतलं आणि रकान्यात लिहिलं, 'नाही'. हात जरासुद्धा थरथरला नाही हो माझा. सदतीस वर्षांचा सराव.

आता कुणी म्हणेल, बाई, तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला कळलं नाही? कळत होतं. मी काही अडाणी नाही. पण मला वाटायचं, दुखणं काय, सोसून निघेल. शेक बंद झाला तर मात्र भाऊ जाणार. सोसण्याचं काम त्याचं होतं आणि ठरवणारी मी होते, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलंच नाही. रोज सांगलीत डॉक्टर विचारायच्या, "कसं काय?" तो माझ्याकडे बघायचा आणि म्हणायचा, "बेस हाय मॅडम." आमच्या भागातल्या माणसाला विचारलं तर मरता मरतासुद्धा तो बेस हायच म्हणतो. त्यात हा फौजी.

त्याच आठवड्यात शुक्रवारी वडापमध्येच त्यानं मला विचारलं, "आक्का, कराडच्या फुडं काय लागतं गं?" मी म्हटलं, "कासेगाव." तो म्हणाला, "व्हय की. त्येच हुडकत हुतो मगाधरनं. दोन राऊंड झाले तरी मी आपला कराडातच." आणि हसला. ज्या रस्त्यावर त्याचा जन्म गेला तो रस्ता त्याला सापडत नव्हता. त्या संध्याकाळी 'विसर' या रकान्यात मी काय लिहिलं ते सांगायला नकोच.

रोज रोज ते 'नाही' लिहायचं माझ्याही जिवावर यायला लागलं. मग मी काय केलं? जे शाळेत करायची तेच. रविवारी बसले आणि येणारा सगळा आठवडा भरून टाकला. तीन पेनांनी. सोमवार काळं, मंगळवार निळं. मग वही त्याच्यापुढे सरकवली, "कर सह्या. सात."

पहिल्या वेळेला त्यानं केल्या. पुढच्या रविवारी, म्हणजे चौथा आठवडा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी, परत केल्या. पेन धरून बराच वेळ कागदाकडे बघत राहिला. मग पहिली सही केली ती रेघेच्या खाली उतरली. दुसरी त्याहून खाली. शेपटी वर जायच्या ऐवजी खाली लोंबली, ठिपके तर विसरलाच. मी काय म्हणावं? म्हटलं, "नीट कर की रं! हीच का सही शिकवली व्हती तुला? काय कोंबडीचे पाय काढलेस!"

त्यानं मान खाली घातली आणि उरलेल्या सह्या फार जपून केल्या. जीभ दातात धरून, पहिलीतल्या पोरागत. त्या पण रेघेवर बसल्या नाहीत.

सदतीस वर्षं हस्ताक्षरं तपासली मी. पोराच्या अक्षरावरून ओळखायची, याला ताप आहे, याला घरी मार बसलाय. आणि भावाच्या अक्षराला नावं ठेवली.

बुधवारी तो मशीनवर असताना आतून पळापळ ऐकू आली. दार उघडून दोघं आत धावले. कॅमेऱ्यात त्यांना दिसलं होतं की त्याचं अंग ताठ झालंय. झटका आला होता, आणि मुखवट्याच्या आतच उलटी झाली होती. त्यांनी खटाखट खटके उघडून मुखवटा काढला, त्याला कुशीवर वळवला, म्हणून श्वास चालू राहिला. मला दारातून एवढंच दिसलं की त्याची मूठ घट्ट आवळलेली आहे आणि बटण त्या मुठीत आहे.

नंतर तिथल्या माणसानं सांगितलं, झटक्याच्या आधी पाच-सहा मिनिटं तो अस्वस्थ दिसत होता, पाय हलवत होता. "त्यांनी बटण का दाबलं नाही कळत नाही," तो म्हणाला. मला कळत होतं.

दुपारी तो शुद्धीवर आला. सलाईन चालू, डोळे जड. डॉक्टर वही घेऊन आल्या आणि त्यालाच विचारलं, "गेल्या काही दिवसांत डोकं दुखत होतं का तुमचं?"

त्यानं उशीवरच मान वळवली, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "न्हाई मॅडम. काय तरास न्हाई."

अजूनही! तोंडाचा वास गेला नव्हता, जीभ चावून सुजली होती, आणि तो माझी आज्ञा पाळत होता. बाई गं, त्या क्षणी जमीन फाटून मी आत गेले असते तर बरं झालं असतं.

डॉक्टर वहीत बघत होत्या. एक पान उलटलं, परत मागे आल्या. मग हळूच म्हणाल्या, "बाई, आज बुधवार आहे. उद्याचा आणि परवाचा त्रास तुम्ही कसा काय लिहिलात?"

आजच्या ओळीतही 'झटका: नाही' असं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं होतं. फिकट निळ्या पेनानं.

मी सगळं सांगितलं. रडत सांगितलं, तीन पेनांचंसुद्धा सांगितलं, ते त्यांना काय कळलं देव जाणे. म्हटलं, "तुम्ही काढून टाकाल म्हणून भ्याले हो." त्यांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं आता ओरडतील, आणि ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पण त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या. "कुणीही काढणार नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "त्रास होतो का, हेच तर बघतोय आम्ही. मेंदूला सूज आली की डोकं दुखतं. त्याला गोळ्या आहेत. पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर त्याच दिवशी डोस वाढवला असता." मग म्हणाल्या, "आणि ही वही मी खरी धरली असती ना, तर पुढच्या पेशंटला सांगितलं असतं की काही होत नाही."

त्यांनी वही माझ्यापुढे धरली आणि सहीच्या रकान्यावर बोट ठेवलं. वरून खाली नेलं. पहिल्या आठवड्याच्या सह्या रेघेवर, शेपटी वर, दोन ठिपके. मग घसरलेल्या. मग ह्या रविवारच्या. "हे मीही बघायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "यांनी सांगितलेलं आहे सगळं. आपण वाचलं नाही."

'आपण' म्हणाल्या. किती मोठं मन! पण मी काही त्या 'आपण'च्या आड लपणार नाही. त्यांच्यापुढे ती वही आठवड्यातून एकदा यायची. माझ्यासमोर तो पेन धरून बसला होता.

सूज उतरेपर्यंत आठवडाभर शेक बंद ठेवला. गोळ्या वाढवल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी तो जागा झाला आणि दोन्ही हातांनी डोकं चाचपून बघत म्हणाला, "आक्का, आज डोस्कं हाय का न्हाई त्येच कळंना. इतकं हलकं! लय दिसांनी." आणि खुशीत चहा मागितला. मी चहा आणायला म्हणून बाहेर गेले ती जिन्यातच बसून राहिले. दोन गोळ्या. एवढ्याशा पांढऱ्या दोन गोळ्यांचं काम होतं. त्यावाचून मी त्याला जवळजवळ तीन आठवडे तसाच ठेवला.

वही दुरुस्त करायचं कामही माझ्याकडेच आलं. मला वाटलं, नवीन वही देतील, स्वच्छ लिहून काढू. डॉक्टर म्हणाल्या, "नाही. खोडायचं नाही, व्हाइटनर लावायचं नाही, पान फाडायचं नाही. खोट्यावर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. वर खरं लिहा आणि आजची तारीख घालून सही करा." आयुष्यभर मी चुका अशा झाकल्या होत्या की साहेबांच्या चष्म्यालाही दिसू नयेत. आणि इथं प्रत्येक खोटं तसंच उघडं ठेवून त्याच्या डोक्यावर सही करायची होती. एका पेनानं.

त्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून मी एकेक दिवस विचारत गेले. "सोमवारी डोकं दुखलं व्हतं का रं? किती?" "दुसऱ्यांदा उलटी झाली ती बुधवारी का गुरुवारी?" त्याला आठवेना. कपाळाला आठ्या घालून विचार करायचा आणि मग दमून म्हणायचा, "तूच लिव्ह, आक्का. तू लिव्हलंस त्येच खरं."

हे वाक्य त्यानं सहज म्हटलं, प्रेमानं म्हटलं. माझ्या मात्र काळजात रुतून बसलंय ते, आजतागायत.

काही दिवसांचं मलाही आठवलं नाही. त्या दिवसांवर लिहिलं, 'आठवत नाही. आधीचं "नाही" मी न विचारता लिहिलं होतं.' अशा ओळी किती भरल्या ते मी सांगत नाही, सांगवत नाही.

राहिलेला शेक पूर्ण झाला. परत झटका आला नाही. शेवटच्या दिवशी बाहेर येऊन म्हणाला, "पोचलो एकदाचा सांगलीला." मग गावी गेला. चार-पाच महिने खरंच बरे गेले त्याचे. गाडी चालवायला बंदी होती, पण ओसरीवर बसून घेवडा निवडायचा, बारावी पास झालेल्या लेकीला पुण्याला सोडून आला, रानात जाऊन आल्याची लावण बघायचा आणि गड्यांना शिव्या द्यायचा. ते महिने त्या सौम्य शेकानं दिले की कशानं, मी डॉक्टरांना विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "एका माणसावरून सांगता येत नाही बाई. म्हणून तर वह्या खऱ्या पाहिजेत." भावजय मला अजून म्हणते, "वन्सं, तुमी हुता म्हनून येवढं तरी झालं." मी तिला सगळं सांगितलंय, वहीचं, बटणाचं. ती ऐकते आणि परत तेच म्हणते. त्यानं जास्तच त्रास होतो.

दिवाळीनंतर तो खाटेला खिळला. मी महिनाभर माहेरीच जाऊन राहिले. बोलणं तुटक झालं होतं, उजवा हात उचलत नव्हता. हाक मारता येईना म्हणून मी कोरेगावच्या बाजारातून एक बिनवायरची बेल आणली. डबी स्वयंपाकघरात लावायची आणि बटण त्याच्या डाव्या हातात. दाबलं की आत चिमण्या ओरडल्यासारखा आवाज होतो. मी त्याला नीट समजावलं, "दुखलं, तहान लागली, काय बी वाटलं, की दाबायचं." त्यानं मान हलवली.

दोन दिवस बेल वाजली नाही. मला वाटलं, बरं आहे त्याला. काय तरी गाढव बाई मी! तिसऱ्या दिवशी दुपारी मी त्याच्या उशाशी बसून चादरीची घडी घालत होते. त्याचा चेहरा आक्रसला. अंगठा बटणावर आला आणि तिथंच थांबला. मग त्यानं डोळे माझ्याकडे वळवले आणि मोठ्या कष्टानं एकेक अक्षर जुळवत विचारलं, "आक्का... दाबू?"

मी त्याचा हात धरला. म्हटलं, "दाब रं माझ्या राजा. दाब. कवाबी दाब. कुनाला इचारायचं न्हाई."

त्यानं दाबलं. स्वयंपाकघरात चिमण्या ओरडल्या. भावजय गोठ्यातून शेणाच्या हातांनीच पळत आली. तो तिच्याकडे बघेना, माझ्याकडेच बघत होता, मी रागावते की काय म्हणून. मग मी औषध दिलं. अर्ध्या तासानं चेहरा सैल पडला.

हॉस्पिटलची वही अजून चालू होती, आठवड्याला एक ओळ. मी ती उघडली. डोकेदुखी: जास्त. खाली माझी सही केली आणि पेन त्याच्या डाव्या हातात दिलं. सहीच्या जागी त्यानं एक रेघ ओढली. ती रकान्यातून निघाली, खाली उतरली आणि पुढच्या आठवड्याच्या कोऱ्या ओळीवरून पार कागदाच्या कडेला गेली. मी काही बोलले नाही. पुढच्या आठवड्यात त्या ओळीवर सही करायला तो नव्हता.